थंडीत दगा देणारा गिअर: रिकॉलचं पत्र आल्यापासून गाडी परत घेईपर्यंत

कंपनीचं पत्र येतं. ‘कमी तापमानात आपल्या वाहनाच्या गिअर सिलेक्टरमध्ये दोष संभवतो, कृपया अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधावा.’ पहिल्यांदाच असं पत्र हातात पडलेला माणूस एकतर घाबरून गाडीच बाहेर काढत नाही, नाहीतर ते पत्र जुन्या बिलांच्या गठ्ठ्यात सरकवून देतो. दुसरं जास्त वेळा घडतं, कारण गाडी तर रोज छान चालत असते. मीही पहिलं पत्र असंच सरकवलं होतं. म्हणून पहिल्यांदाच रिकॉलला, म्हणजे दोषी गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याच्या प्रकाराला, सामोरं जाणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी कळू द्या: तुमची दांडी अडकते की सुटते?

थंडीत गिअरच्या दांडीच्या दोन अगदी उलट तक्रारी असतात. एकीत दांडी ‘पी’मधून, म्हणजे पार्कमधून, हलतच नाही. दुसरीत ती हलू नये तेव्हाही हलते. पहिलीत आपण वैतागतो, ऑफिसला उशीर होतो आणि लगेच फोन लावतो. दुसरीत आपल्याला काहीच त्रास होत नाही, आणि धोका खरा तिच्यात आहे.

ऑटोमॅटिक गाडी ‘पी’मध्ये असते तेव्हा गिअरबॉक्सच्या आत एक लोखंडी खिट्टी दातेरी चाकात अडकलेली असते. दांडी ‘पी’वरून सरकली की ही खिट्टी सुटते. ती चुकून सुटू नये म्हणून दांडीच्या मुळाशी एक कुलूप असतं. तुम्ही ब्रेक दाबला की ब्रेकच्या स्विचकडून संदेश जातो, एक छोटा विद्युतचुंबक खेचला जातो आणि कुलूप उघडतं. ब्रेकवर पाय नसेल तर कुलूप बंद. याला शिफ्ट इंटरलॉक म्हणतात. शांत जागी लक्ष दिलंत तर बऱ्याच गाड्यांत ब्रेक दाबताना ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, तो याचाच. हा आवाज लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या कुलपाचा इतिहास गमतीचा आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत आउडीच्या गाड्या आपोआप सुसाट सुटतात अशी ओरड झाली. कंपनीने १९८७ मध्ये सुमारे अडीच लाख गाड्या परत बोलावून त्यांत हे कुलूप बसवायला घेतलं. पुढे सरकारी तपासात बहुतेक प्रकरणांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला असावा असं निघालं, पण कुलूप मात्र टिकलं. १ सप्टेंबर २०१० पासून बनणाऱ्या, ‘पी’ असलेल्या ऑटोमॅटिक गाड्यांना ते अमेरिकेत सक्तीचं झालं.

आता थंडी यात कुठे येते? तापमान शून्याखाली गेलं की ग्रीस घट्ट होतं, प्लास्टिक किंचित आकसतं, रबर कडक होतं. क्षणात जागेवर जायला हवा असा एखादा बारका भाग रेंगाळतो. २०१३ मध्ये होंडाने अमेरिकेत २०१२ आणि २०१३ च्या सीआर-व्ही, ओडिसी आणि २०१३ ची अॅक्युरा आरडीएक्स अशा दोन लाखांहून जास्त गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. गोठणबिंदूखालच्या तापमानात इंटरलॉकमधली दांडी अडवणारी यंत्रणा संथ होत होती आणि ब्रेक न दाबताही दांडी ‘पी’मधून निघू शकत होती. चालकाला यातलं काहीच जाणवत नाही, कारण तो सवयीने ब्रेक दाबूनच दांडी ओढतो.

तेव्हा पत्र उघडा आणि दोष नेमका काय आहे हे सांगणारं वाक्य शोधा. ‘ब्रेक न दाबता पार्कमधून हलू शकते’ असं लिहिलं असेल तर ते सुटणाऱ्या दांडीचं पत्र आहे. ‘केबल’, ‘बुश’ (केबलचं टोक गिअरबॉक्सला जोडणारा छोटा भाग) असे शब्द असतील तर प्रकरण वेगळं: दांडी ‘पी’ दाखवते, पण गिअरबॉक्स भलत्याच गिअरमध्ये असू शकतो. फोर्डचा २०२२ चा सुमारे २९ लाख गाड्यांचा रिकॉल या दुसऱ्या जातीचा होता. तिथे बुश खराब होण्यात थंडीपेक्षा उष्णता आणि दमटपणाचाच हात होता, म्हणजे हवामान उलटं, पण शेवट तोच. उभी केलेली गाडी घरंगळते.

प्रत्येक थंड सकाळ म्हणजे दोष नव्हे

काही गोष्टी रिकॉलमध्ये बसत नाहीत आणि त्यांसाठी भांडून उपयोगही नाही. गाडी गार असताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वरचा गिअर उशिरा टाकतो, इंजिन जरा जास्त ओरडतं. तेल गरम होईपर्यंत तो मुद्दाम तसं करतो. मॅन्युअल गाडीत पहिले काही मिनिटं दुसरा गिअर जड जातो, तेही घट्ट झालेल्या तेलामुळे. थोडं अंतर गेल्यावर हे आपोआप गेलं तर चिंता नको. गेलं नाही तर तेलाची पातळी आणि प्रत तपासून घ्या.

दांडी ‘पी’मध्ये अडकून बसली असेल तर मागे कुणाला तरी उभं करून ब्रेक दाबा. मागचे लाल दिवे लागले नाहीत तर बहुधा ब्रेकचा स्विच गेला आहे, कारण अनेक गाड्यांत कुलपाला संदेश तिथूनच मिळतो. दिवे लागतात पण दांडी हलत नाही, तर केबलच्या आवरणात शिरलेलं पाणी गोठलेलं असू शकतं. बटणाच्या किंवा नॉबच्या इलेक्ट्रॉनिक गिअरमध्ये थंडीने मलूल झालेली बॅटरीही हाच खेळ करते. बऱ्याच गाड्यांत दांडीजवळ एक झाकलेली खाच असते. तिच्यात किल्ली किंवा स्क्रूड्रायव्हर दाबून कुलूप हाताने सोडवता येतं. मात्र आधी हँडब्रेक लावा आणि ही खाच नेमकी कुठे आहे ते माहितीपुस्तिकेत आजच पाहून ठेवा. पहाटेच्या काळोखात, हातमोजे घालून ती शोधणं म्हणजे शिक्षा.

चॅसिस नंबर काढा

रिकॉल मॉडेलच्या नावावर नसतो, तो चॅसिस नंबरवर असतो. शेजाऱ्याकडे त्याच रंगाची, त्याच वर्षाची तीच गाडी असली तरी त्याची यादीत असेल आणि तुमची नसेल, कारण दोषी भाग काही ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांतच गेलेला असतो. नंबर सतरा अक्षरांचा असतो. चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर, बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेतून डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, आणि नोंदणीच्या व विम्याच्या कागदांवर तो सापडतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून ती वगळली आहेत. तेव्हा ‘हा ओ की शून्य?’ असा प्रश्न पडला तर उत्तर शून्य.

हा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल तपासण्याच्या जागी टाका. अमेरिकेत एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरही तो टाकता येतो. तिथे एक खुबी आहे: फक्त न झालेली कामं दिसतात. काहीच दिसलं नाही तर एकतर गाडी यादीत नाही, किंवा आधीच्या मालकाने काम करून घेतलेलं आहे. ताज्या रिकॉलमध्ये सगळे नंबर यायला वेळ लागतो, म्हणून बातमी वाचून लगेच तपासलंत आणि काही दिसलं नाही तर काही दिवसांनी पुन्हा पाहा.

जुनी गाडी घेतलेल्यांनी तर पत्राची वाट पाहूच नये. पत्र नोंदणीतल्या मालकाच्या नावाने, नोंदणीतल्या पत्त्यावर जातं. नाव बदलायचं राहिलं असेल किंवा तुम्ही घर बदललं असेल तर ते भलत्याच दारात पडतं. वर्षातून दोनदा नंबर टाकून पाहायची सवय लावा, त्यातली एक वेळ थंडी सुरू होण्याआधीची.

काम होईपर्यंत गाडी कशी वापरायची

पत्रात ‘वाहन चालवू नका’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर विषय संपला, चालवू नका आणि गाडी उचलून नेण्याची सोय विचारा. तसं नसेल तर गाडी वापरता येते, फक्त उभी करण्याची पद्धत बदलावी लागते.

ब्रेकवर पाय ठेवून गाडी पूर्ण थांबवा. दांडी ‘एन’मध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये, न्या. हँडब्रेक लावा. मग पाय हलकेच सैल करा आणि गाडीचं वजन हँडब्रेकवर बसू द्या. पुन्हा ब्रेक दाबून दांडी ‘पी’मध्ये, आणि मग इंजिन बंद. एरवीही हाच क्रम बरोबर आहे, कारण उतारावर सगळा भार त्या बिचाऱ्या खिट्टीवर पडत नाही. आपण बहुतेकजण उलटं करतो: आधी ‘पी’, मग आठवलाच तर हँडब्रेक. गाडीचं तोंड उताराकडे असेल तर पुढची चाकं कडेच्या बाजूला वळवून ठेवा.

कडाक्याच्या थंडीत ओला हँडब्रेक चिकटतो, म्हणून तो लावू नये असं जुने चालक सांगतात. ते खोटं नाही. पण इंटरलॉकचा रिकॉल डोक्यावर असताना मी हँडब्रेक लावेनच. फार वाटलं तर सपाट जागा निवडून चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळेही लावेन.

सगळ्यात धोक्याची वेळ कोणती, याचा विचार फार थोडे करतात. थंडीत आपण गाडी सुरू करतो, हीटर लावतो आणि काचेवरचा बर्फ खरवडायला खाली उतरतो. इंजिन चालू, दांडी ‘पी’मध्ये, ब्रेकवर कुणाचाच पाय नाही आणि आपण बंपरसमोर उभे. मागच्या सीटवरून पुढे आलेलं लहान मूल दांडीला लोंबकळलं की इंटरलॉकचं कुलूप हाच एक अडसर असतो, आणि गोठलेल्या सकाळी तोच रेंगाळतो. काम होईपर्यंत चालू गाडीत मूल किंवा कुत्रा एकटा ठेवू नका. काच साफ करायची तर इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून करा. बोटं गारठतील, गारठू द्या.

आणि एक, दांडीच्या फटीत स्प्रे मारू नका, गरम पाणी तर नकोच. खाली विजेची जोडणी असते. शिवाय स्प्रेने ग्रीस धुऊन गेलं की मूळ दोष कोणता आणि तुम्ही केलेला कोणता हे मेकॅनिकलाही सांगता येत नाही.

फोन करताना

त्या कंपनीचं कुठलंही अधिकृत सर्व्हिस सेंटर चालतं. गाडी तिथूनच घेतलेली असायला हवी असं नाही, वॉरंटी चालू असायला हवी असंही नाही. कोपऱ्यावरचा तुमचा भरवशाचा मेकॅनिक मात्र हे काम मोफत करू शकत नाही, कारण भाग आणि मजुरीचे पैसे कंपनी अधिकृत केंद्रालाच देते.

‘गाडी आणतो, बघा जरा’ असं म्हणू नका. पत्रावरचा रिकॉल क्रमांक आणि चॅसिस नंबर सांगा आणि विचारा: भाग आत्ता तुमच्याकडे आहे का? काम किती वेळाचं आहे? गाडी ठेवावी लागली तर बदली गाडी मिळेल का? पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दोष जाहीर होतो तेव्हा सुटे भाग तयार असतातच असं नाही. अशा वेळी कंपनी आधी नुसती सूचना पाठवते आणि दुसरं पत्र नंतर येतं. तसं असेल तर प्रतीक्षायादीत नाव घालायला सांगा आणि ज्याच्याशी बोललात त्याचं नाव, तारीख पत्राच्या मागे लिहून ठेवा.

पैशाबद्दल: अमेरिकेत पहिल्या विक्रीपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या गाडीला सुरक्षेच्या रिकॉलचं काम फुकट करून देणं कंपनीवर बंधनकारक आहे. भारतात मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलला कायद्याचा आधार मिळाला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. इतर देशांत तपशील वेगळे असतील, पण सुरक्षेचा रिकॉल म्हणून बिल हातात आलं तर ते भरण्याआधी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

एक गफलत टाळा. कंपन्या आपल्या मेकॅनिकांसाठी तांत्रिक सूचनापत्रकंही, म्हणजे बुलेटिन, काढतात: अमुक तक्रार आली तर अमुक दुरुस्ती करा. तो रिकॉल नव्हे. त्यातलं काम वॉरंटीत बसलं तरच फुकट. सेंटरमधला सल्लागार ‘हो, असं एक बुलेटिन आहे’ म्हणाला तर थांबवून विचारा: बुलेटिन की रिकॉल?

‘आमच्याकडे तर बरोबर चालतंय’

हे वाक्य मी ऐकलेलं आहे. माझी गाडी सकाळी अंगणात हट्ट करायची. मी ती अर्धा तास चालवत सर्व्हिस सेंटरला नेली, तिथल्या ऊबदार शेडमध्ये ती आणखी दोन तास उभी राहिली आणि मग मेकॅनिकने दांडी दहा वेळा मागेपुढे केली. लोण्यासारखी. ‘साहेब, काही प्रॉब्लेम नाही.’ मी खोटं बोलतोय असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. चूक माझीच होती. थंडीचा दोष मी गरम करून दाखवायला नेला होता.

रिकॉलच्या कामाला हा पुरावा लागतच नाही, हे नव्यांना माहीत नसतं. तुमचा चॅसिस नंबर यादीत आहे आणि काम झालेलं नाही, एवढंच पुरे. दोष दिसो न दिसो, भाग बदलायचा. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून गाडी परत दिली तर ते काम न करणं आहे. तिथेच थांबा आणि व्यवस्थापकाला बोलवा.

तक्रार रिकॉलबाहेरची असेल तर मात्र पुरावा लागतो. मोबाइलवर चित्रण करा: डॅशबोर्डवरचं बाहेरचं तापमान, ब्रेकवरचा पाय आणि दांडी एकाच वेळी दिसू द्या. गाडी किती तास उभी होती, उतारावर की सपाटीवर, हे लिहून ठेवा. मग गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन रात्रभर उघड्यावर ठेवायला सांगा आणि सकाळी मेकॅनिकने पहिल्यांदा दार उघडावं तेव्हा शेजारी तुम्ही असा.

कामाच्या दिवशी

जॉब कार्डवर, म्हणजे सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर, रिकॉल क्रमांक स्वतंत्र ओळीत लिहून घ्या. तेल बदलायचं, आवाज येतो ते बघायचं, असली कामं वेगळ्या ओळीत. सगळं एकत्र लिहिलं की नंतर कुठल्या कामाचे पैसे आणि कुठलं फुकट यावर वाद होतो. ‘आलीच आहे गाडी तर हेही करून घ्या’ या यादीला तुम्ही खुशाल नाही म्हणू शकता. रिकॉलचं काम दुसऱ्या कुठल्याही कामावर अवलंबून नसतं.

गाडी हातात आल्यावर सेंटरच्या आवारातच, सपाट जागी एक चाचणी करा. हँडब्रेक पूर्ण ओढा, समोर आणि मागे कुणी नाही ना ते पाहा, इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करा. बटणाच्या गाडीत ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबलं (काही गाड्यांत दोनदा) की हीच स्थिती मिळते. आता ब्रेकला स्पर्श न करता दांडी ‘पी’मधून काढायचा प्रयत्न करा. ती निघता कामा नये. ब्रेक दाबा, टक् आवाज, आता निघायला हवी. परत ‘पी’, पाय काढा, लगेच पुन्हा ओढा. हे पाच-सहा वेळा भरभर करा, कारण संथ झालेलं कुलूप घाईतच पकडलं जातं. काम करताना मधला कप्पा बहुधा उघडलेला असतो, तेव्हा त्यावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या नीट बसल्यात ना आणि तिथलं चार्जिंग चालतं ना तेही पाहा.

पावती घ्या. रक्कम शून्य असली तरी घ्या. त्यावर रिकॉल क्रमांक, चॅसिस नंबर, किलोमीटर आणि तारीख हवी. दोनेक आठवड्यांनी नंबर पुन्हा टाकून पाहा. काम अजून बाकी दिसत असेल तर केंद्राने ते नोंदवलेलं नाही. फोन करून नोंदवून घ्या, नाहीतर गाडी विकताना घेणारा तेच दाखवून भाव पाडेल.

रिकॉल जाहीर होण्याआधीच तुम्ही हाच भाग पैसे भरून बदलला असेल तर ते पैसे परत मिळू शकतात. पत्रात त्याची पद्धत आणि मुदत दिलेली असते, आणि जुनं बिल लागतं. आता कळलं, आमच्या आधीच्या पिढीतली माणसं बिलं फायलीत का लावायची!

केंद्र टाळाटाळ करत असेल तर दुसरं अधिकृत केंद्र, मग कंपनीचा मदत क्रमांक, मग सरकारी यंत्रणेकडे तक्रार, हा क्रम. शेवटची पायरी नुसती रागाची समजू नका. एकाच प्रकारच्या तक्रारी साठत गेल्या की त्यांतूनच चौकशा सुरू होतात आणि पुढच्या गाड्यांचे रिकॉल निघतात.

सेंटरच्या आवारातली चाचणी ऊबदार गाडीवर झालेली असते. म्हणून पारा शून्याखाली जाईल त्या पहिल्या सकाळी, रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या गाडीत, हीटर लावण्याआधी तीच चाचणी पुन्हा करा. हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, पाय ब्रेकपासून दूर. दांडी निघाली किंवा ‘टक्’ रेंगाळून आला, तर चित्रण करा आणि त्याच दिवशी पावतीसकट केंद्राला कळवा.